नहेम्या आणि सनबल्लट : एका वैराचा इतिहास

बायबलांतील ‘नीतिसूत्रें’ या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायांत दोन वचनें लागोपाठ आलेलीं आहेत आणि तीं एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. मूर्खाला त्याच्या पद्धतीनें उत्तर देऊं नये, नाहीं तर उत्तर देणाराही त्याच्याच पायरीवर उतरतो, असा पहिल्याचा आशय. दुसऱ्याचा आशय असा कीं, त्याला त्याच्या पद्धतीनें उत्तर द्यावेंच, नाहीं तर तो स्वतःला शहाणा समजूं लागतो. संग्रह करणाराच्या हातून ही चूक झाली असें मानण्याचें कारण नाहीं. डिवचल्या गेलेल्या माणसापुढें हे दोन्ही मार्ग खरोखरच असतात, आणि त्यांतील कोणता केव्हां धरावा हें सूत्रावरून नव्हे, तर प्रसंगावरून ठरतें. असे प्रसंग एकाच पुरुषाच्या आयुष्यांत एकामागून एक कसे आले आणि त्यानें त्यांस कसें तोंड दिलें, हें जुन्या करारांतील नहेम्याच्या ग्रंथांत वाचावयास मिळतें. त्या ग्रंथाचा बराचसा भाग नहेम्यानें स्वतः सांगितलेली हकीकत आहे. डिवचल्या गेलेल्या माणसानें काय करावें, आणि काय करूं नये, या दोन्ही गोष्टी तींत आहेत.

या हकीकतीची पार्श्वभूमि थोडक्यांत अशी. शलमोन राजाच्या मृत्यूनंतर इस्राएली लोकांचीं दोन राज्यें झालीं. उत्तरेकडील राज्याची राजधानी पुढें शोमरोन ही झाली. दक्षिणेकडील यहूदाच्या राज्याची राजधानी यरुशलेम. या दोन शहरांमधील अंतर सुमारें ३५ मैल. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या सैन्यानें शोमरोन घेतलें. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सरानें यरुशलेम घेतलें, तेथील मंदिर जाळलें, तट पाडला आणि यहूदाच्या प्रतिष्ठित लोकांस बाबेलास नेलें. ५३९ मध्यें इराणच्या कोरेश राजानें बाबेल जिंकलें व या हद्दपार लोकांस परत जाण्याची मोकळीक मिळाली. परतलेल्यांनीं ५१५ च्या सुमारास मंदिर पुन्हां उभें केलें. परंतु शहराचा तट पडलेलाच राहिला. तट नसलेलें शहर म्हणजे त्या काळीं दार नसलेलें घर. अशा शहराला लुटारूंचें भय तर होतेंच, पण त्याहूनही मोठें दुःख हें कीं, शेजाऱ्यांत त्याला कोणी मान देत नसे.

इराणचा राजा पहिला अर्तहशश्त याच्या विसाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ४४५ च्या सुमारास, नहेम्या हा शूशन येथील राजवाड्यांत राजाचा प्यालेबरदार होता. राजाच्या हातीं द्राक्षारसाचा प्याला देण्याचें हें काम वरवर पाहतां हलकें वाटेल. परंतु ज्याच्यावर राजाचा पूर्ण विश्वास असे त्यालाच तें मिळे. हनानी नांवाचा त्याचा भाऊ यहूदाहून आला आणि त्यानें पडलेल्या तटाची व जळलेल्या वेशींची हकीकत सांगितली. ती ऐकून नहेम्या खालीं बसून रडला. कांहीं महिन्यांनीं राजानें त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याचें कारण विचारलें, तेव्हां त्यानें आपल्या पूर्वजांचें शहर बांधण्याची परवानगी मागितली. राजानें ती दिली. सुभेदारांच्या नांवें पत्रें दिलीं, सरकारी वनांतून लांकूड देण्याचा हुकूम दिला आणि बरोबर स्वार दिले.

नहेम्या येतो आहे एवढें कळतांच कांहीं लोकांस तें खुपूं लागलें. होरोनी सनबल्लट, अम्मोनी तोबीया आणि अरब गेशेम अशीं तीन नांवें ग्रंथांत येतात. त्यांत सनबल्लट प्रमुख. तो शोमरोनचा सुभेदार होता. यरुशलेम उघडें राहिलें तर त्या मुलुखांत शोमरोनचें वजन राहणार. तें तटबंद होऊन राजाच्या मर्जींतला स्वतंत्र अधिकारी तेथें बसला तर तें वजन गेलें, हें त्याला दिसत होतें. एज्राच्या ग्रंथांत याच राजाच्या नांवें गेलेल्या एका तक्रारीची नोंद आहे. हे लोक तट बांधतील आणि मग खंडणी बुडवतील, असें शोमरोनहून लिहून गेलें होतें व राजानें काम थांबविलें होतें. तेव्हां या वैराचें बीज आधीं अधिकाराच्या मातींत पडलें. धर्माचें पाणी त्याला मागून मिळालें.

शहरांत आल्यावर नहेम्यानें तीन दिवस आपला बेत कोणास सांगितला नाहीं. मग एका रात्रीं थोडीं माणसें आणि बसण्यापुरतें एकच जनावर बरोबर घेऊन त्यानें तटाची पाहणी केली. एके ठिकाणीं पडझड इतकी होती कीं, जनावराला पुढें जाण्यास वाटच मिळेना. पाहणी झाल्यावर त्यानें शहरांतील प्रमुखांस बोलाविलें व काम आरंभण्याचें ठरविलें. बातमी फुटतांच तिघांनीं चेष्टा सुरू केली आणि चेष्टेंतच एक विषारी प्रश्न मिसळला : हें राजाविरुद्ध बंड तर नव्हे? राजाचीं पत्रें नहेम्याच्या हातीं होतीं. तीं पुढें करून त्याला वाद घालतां आला असता. त्यानें तो घातला नाहीं. देव आम्हांस यश देईल आणि आम्ही बांधणार, असें तो म्हणाला; आणि त्याला जोडूनच, यरुशलेमेंत तुमचा कसलाही हक्कसंबंध नाहीं, असेंही म्हणाला. या उत्तराचा दुसरा भाग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. त्याचें फळ पुढें दिसेल.

ग्रंथाचा तिसरा अध्याय म्हणजे या कामाचा जणूं हजेरीपटच आहे. याजक, सोनार, सुगंधी द्रव्यें करणारे, व्यापारी अशा सर्वांनीं भाग वांटून घेतले. पुष्कळांनीं आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. शल्लूम नांवाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही भिंतीवर राबल्या. तकोवा गांवच्या लोकांनीं काम केलें, पण त्यांच्या सरदारांनीं खांदा दिला नाहीं, हेंही नहेम्या लिहून ठेवतो.

भिंत वर येऊं लागली तशी प्रतिपक्षाची जीभ अधिक तिखट झाली. आपल्या भाऊबंदांसमोर व शोमरोनच्या सैन्यासमोर सनबल्लटानें या दुबळ्या बांधकऱ्यांची टर उडविली. जळक्या ढिगाऱ्यांतल्या दगडांना हे आतां जिवंत करणार काय, असें विचारलें. शेजारीं उभा असलेला तोबीया म्हणाला कीं, एखादा कोल्हा वर चढला तरी ही भिंत ढांसळेल. टोमण्याला टोमणा देणें नहेम्याला अवघड नव्हतें. परंतु तो सनबल्लटाकडे वळलाच नाहीं. तो देवाकडे वळला. मात्र त्याची ती प्रार्थना सौम्य नाहीं. ही निंदा निंदकांच्याच माथीं उलटावी आणि त्यांच्या अपराधाला क्षमा नसावी, असें त्यानें मागितलें. राग होता, आणि तो त्यानें लपविलाही नाहीं. तो शत्रूच्या तोंडावर न फेंकतां त्यानें देवापुढें नेऊन ठेविला, एवढेंच. यानंतर लगेच येणारी हकीकत भिंतीची आहे : ती अर्ध्या उंचीपर्यंत आली, कारण लोकांचें मन कामांत होतें.

टोमण्यांचा उपयोग होत नाहीं असें दिसतांच हल्ल्याचा बेत शिजूं लागला. येथें नहेम्याचें उत्तर बदललें. शब्दांकडे त्यानें दुर्लक्ष केलें होतें. शस्त्रांकडे केलें नाहीं. त्यानें पहारे बसविले. निम्मे लोक काम करीत व निम्मे भाले घेऊन उभे राहत. ओझें वाहणारे एका हातानें ओझें सांवरीत व दुसऱ्या हातांत हत्यार धरीत. गवंड्यांच्या कमरेला तरवारी असत. कर्णा फुंकणारा नहेम्याजवळ असे. पहांटेपासून चांदण्या दिसेपर्यंत असें काम चाले. परंतु ही सारी तयारी रक्षणापुरती होती. शोमरोनवर एकही माणूस चालून गेला नाहीं.

यापुढें ग्रंथांत एक निराळीच हकीकत येते. गरीब लोक व त्यांच्या बायका आक्रोश करीत आल्या. त्यांची तक्रार सनबल्लटाविरुद्ध नव्हती; ती आपल्याच श्रीमंत बांधवांविरुद्ध होती. दुष्काळांत व राजाचा कर भरण्यासाठीं त्यांनीं शेतें, द्राक्षमळे, घरें गहाण टाकलीं होतीं आणि आतां मुलामुलींस दास्यांत देण्याची पाळी आली होती. बाहेर शत्रू उभा असतां घरांतल्या तक्रारी दडपून टाकण्याचा मोह पुढाऱ्यांस नेहमीं होतो; एकजुटीच्या नांवाखालीं अन्याय खपून जातो. नहेम्यानें तसें केलें नाहीं. त्यानें सभा भरवून सावकारांस जाब विचारला, आणि आपण व आपले भाऊही कर्ज देणारांत आहोंत हें कबूल केलें. शेतें, मळे, घरें व घेतलेलें व्याज परत करण्याची शपथ त्यानें सर्वांकडून वाहविली. सुभेदार या नात्यानें मिळणारा भत्ता त्यानें स्वतः १२ वर्षें घेतला नाहीं. सनबल्लटाला दिलेलें त्याचें खरें उत्तर हें होय. कारण आंतून पोखरलेली भिंत पाडावयास कोल्हाही पुरे होतो.

चेष्टा झाली, धाक झाला. आतां गोड बोलण्याची पाळी आली. भिंत पुरी झाली होती, फक्त वेशींस दारें लावावयाचीं होतीं. तेव्हां ओनोच्या मैदानांत भेटीला यावें, असा सनबल्लट व गेशेम यांचा निरोप आला. एकदां नव्हे, चार वेळां आला, आणि चारही वेळां नहेम्यानें एकच उत्तर पाठविलें : मोठें काम हातीं आहे, तें टाकून येतां येत नाहीं. आमंत्रणामागें घात आहे हें तो ओळखून होता, पण उत्तरांत त्यानें आरोप केला नाहीं. शब्दही वाढविला नाहीं. पांचव्या वेळीं मोहोर नसलेलें उघडें पत्र आलें. वाटेंत कोणीही वाचावें यासाठींच तें उघडें. नहेम्याला राजा व्हावयाचें आहे अशी वदंता आहे आणि ती बादशहाच्या कानीं जाईल, असा त्यांतील मजकूर होता. हा आरोप जीवघेणा होता. आतां मौन धरणें म्हणजे कबुली देणें. म्हणून त्यानें उत्तर दिलें, पण तेंही एका ओळीचें : असें कांहीं घडलेलें नाहीं, हें तुमच्याच मनांतून निघालें आहे. नंतर शमाया नांवाच्या माणसानें, तुझा खून होणार आहे, मंदिरांत लपून बैस, असा सल्ला दिला. हा माणूस तोबीया व सनबल्लट यांनीं पैसे देऊन फोडलेला होता. नहेम्या भिऊन लपला असता तर त्याची अब्रू गेली असती. तो लपला नाहीं. अलूल महिन्याच्या २५ व्या दिवशीं, ५२ दिवसांत, तट पुरा झाला.

हकीकत येथेंच थांबली असती तर नहेम्याचें चरित्र म्हणजे संयमाचा निर्दोष धडा ठरला असता. परंतु ती येथें थांबत नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, ही सारी कहाणी एका पक्षाची आहे. सनबल्लटाची बाजू सांगणारा ग्रंथ उरलेला नाहीं. नहेम्या त्याला नेहमीं ‘होरोनी’ म्हणतो. तो शोमरोनचा सुभेदार होता हें एकदांही सांगत नाहीं. तें निराळ्याच मार्गानें कळलें. मिसर देशांत आस्वान शहराजवळ नाईल नदींत एलेफंटाईन नांवाचें बेट आहे. इराणी अमलांत तेथें यहूदी शिपायांची वसाहत होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें सांपडलेल्या अरामी भाषेंतील कागदांत इ. स. पू. ४०७ मधील एका अर्जाची प्रत आहे. त्यांत शोमरोनचा सुभेदार सनबल्लट आणि त्याचे मुलगे दलाया व शलेम्या यांचा उल्लेख आहे. मुलांच्या या दोन्ही नांवांत इस्राएलाच्या देवाचें नांव गुंफलेलें आहे. तें तोबीया या नांवांतही आहे. म्हणजे ज्यांस या शहराशीं कांहीं संबंध नाहीं असें सांगितलें गेलें, त्यांच्या घरीं तोच देव पूजिला जात होता. इतकेंच नव्हे, तर तोबीयाची सोयरीक यहूदाच्या प्रतिष्ठित घराण्यांशीं होती, आणि भिंत बांधणारांपैकीं मशुल्लामाची मुलगी त्याची सून होती. हें स्वतः नहेम्यानेंच लिहिलें आहे. भिंत दोन परक्या लोकांमध्यें उभी राहिली नव्हती. ती व्याह्या-विहिणींमधून गेली होती.

दुसरी गोष्ट शेवटच्या अध्यायांत आहे. अर्तहशश्ताच्या ३२ व्या वर्षीं नहेम्या राजाकडे परत गेला व कांहीं काळानें पुन्हां यरुशलेमेस आला. मधल्या काळांत याजक एल्याशीबानें मंदिराच्या आवारांत तोबीयाला एक मोठी खोली दिली होती. नहेम्यानें त्याचें सामान बाहेर फेंकून दिलें. परक्या स्त्रियांशीं विवाह केलेल्या माणसांस त्यानें शाप दिले, कित्येकांस मारलें, त्यांचे केंस उपटले. मुख्य याजकाच्या घराण्यांतील एक तरुण सनबल्लटाचा जांवई होता. त्याला हांकलून दिलें. लहानशा समाजाची भाषा व धर्म टिकावा ही त्याची तळमळ खरी होती. तथापि शत्रू बलवान असतां ज्यानें जीभ आवरली, त्याच माणसाला अधिकार हातीं आल्यावर हात आवरतां आला नाहीं, हेंही तितकेंच खरें. प्रतिस्पर्ध्यामुळें काम सोडूं नये हें त्याला पूर्ण साधलें होतें. काम पुरें झाल्यावर वैराचें काय करावें, याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें.

तें उत्तर न मिळाल्यामुळें वैर वारशानें चालत राहिलें. शखेमजवळच्या गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी लोकांनीं स्वतःचें देवस्थान उभारलें, इ. स. १९८२ पासून तेथें झालेल्या उत्खननांत त्याचा आरंभ इ. स. पू. पांचव्या शतकापर्यंत मागें जातो असें दिसून आलें. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमच्या योहान हुर्कानानें तें मंदिर उद्ध्वस्त केलें. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या आरंभीं, वल्हांडणाच्या सणांत, कांहीं शोमरोन्यांनीं रात्रीं यरुशलेमच्या मंदिरांत माणसांचीं हाडें पसरलीं, असें इतिहासकार योसेफस सांगतो. एकानें देऊळ पाडावें, दुसऱ्यानें देऊळ बाटवावें. आरंभ कोणी केला याची आठवणही उरूं नये, अशी ही परंपरा झाली.

अशा वातावरणांत येशू ख्रिस्त आपल्या शिष्यांसह यरुशलेमेकडे निघाला असतां वाटेंतील एका शोमरोनी गांवानें त्याला उतरूं दिलें नाहीं. आकाशांतून अग्नि पाडून हें गांव जाळावें काय, असें याकोब व योहान या शिष्यांनीं विचारलें. त्यानें शिष्यांसच दटाविलें आणि सारे दुसऱ्या गांवीं गेले. लूकच्या शुभवर्तमानांत हा प्रसंग नवव्या अध्यायाच्या अखेरीस आहे. पुढच्याच अध्यायांत चांगल्या शोमरोन्याची सुप्रसिद्ध कथा येते. आपला शेजारी कोण, असें एका शास्त्र्यानें विचारलें. येशूनें यरीहोच्या वाटेवर लुटला जाऊन अर्धमेला पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. याजक बाजूनें निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, जखमीला आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें आणि तेथील मालकाला दोन दीनार दिले. या तिघांत शेजारी कोण ठरला, या प्रश्नाला शास्त्र्यानें उत्तर दिलें तें ‘दया करणारा’ असें. ‘शोमरोनी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. नहेम्याच्या लेखणींतून सनबल्लटाचा हुद्दा उतरला नव्हता, त्याचीच येथें आठवण होते.

या कथेचें एक मूळ जुन्या करारांतच आहे. ‘दुसरा इतिहास’ या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायांत, शोमरोन अजून राज्याची राजधानी असतांनाच्या काळची एक हकीकत आहे. उत्तरेच्या सैन्यानें यहूदाचे पुष्कळ लोक कैद करून शोमरोनास आणले. ओदेद नांवाच्या संदेष्ट्यानें सैन्याला आडवें होऊन, हे तुमचे भाऊ आहेत, यांस सोडा, असें बजावलें. तेव्हां तेथील कांहीं प्रमुखांनीं उघड्यांस वस्त्रें दिलीं, खाऊंपिऊं घातलें, तेल लाविलें, आणि अशक्तांस गाढवांवर बसवून यरीहोस त्यांच्या बांधवांजवळ पोंचविलें. तेल, जनावर, यरीहो आणि शोमरोनचीं माणसें : सारें सामान येथें आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मतें हा इतिहासग्रंथ नहेम्यानंतर लिहिला गेला. म्हणजे वैराच्या ऐन भरांतही यरुशलेमेंत कोणीतरी प्रतिपक्षाचा हा उपकार लिहून ठेवला.

गोष्ट सांगितली म्हणून वैर लगेच मिटलें नाहीं. त्यानंतर पुरतीं पंचवीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं तोंच गालीलहून सणाला निघालेल्या यात्रेकरूंचा शोमरोनच्या हद्दींत खून झाला, सूडानें शोमरोनी गांवें जाळलीं गेलीं, आणि तंटा रोमच्या बादशहापर्यंत गेला. शोमरोनी समाज आज कांहीं शेंकड्यांवर आला आहे. गरिज्जीम डोंगरावर तो अजून आपला वल्हांडण पाळतो.

एलेफंटाईनच्या त्या कागदांत मात्र आणखी एक लहानसा कागद आहे. त्या बेटावरील यहूदी लोकांचें मंदिर इ. स. पू. ४१० मध्यें पाडलें गेलें होतें. त्यांनीं यरुशलेमच्या मुख्य याजकास लिहिलें. उत्तर आलें नाहीं. मग त्यांनीं यहूदाचा सुभेदार बागोही यास अर्ज केला आणि सनबल्लटाच्या मुलांसही कळविलें. त्याचें उत्तर टिपणाच्या रूपानें मिळालें आहे आणि तें दोघांचें मिळून आहे : बागोहीचें व दलायाचें. नहेम्याच्या जागेवर बसलेला अधिकारी आणि सनबल्लटाचा मुलगा या दोघांनीं एकमतानें सांगितलें कीं, तें मंदिर होतें तेथें पुन्हां बांधलें जावें. ५२ दिवसांचा तट डोळ्यांदेखत उभा राहिल्याला तेव्हां चाळीस वर्षेंही झालीं नव्हतीं. तटाच्या दोन बाजूंच्या माणसांपुढें तिसऱ्या कोणाचें पडलेलें घर आलें, आणि तेवढ्यापुरता त्यांस तट आड आला नाहीं.